मुलीला खेळाडूंवर उपचार करायचे आहेत. कोणती वाट धरावी?

तासगाव तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, जीवशास्त्र घेतलेलं आहे. शाळेपासून खो-खो खेळते, विभागीय स्पर्धेपर्यंत गेली आहे. मागच्या वर्षी सूर मारताना गुडघा दुखावला, काही महिने फिजिओकडे जावं लागलं, आणि आपणही खेळाडूंवरच उपचार करायचे हे तिने तिथेच ठरवलं. वडिलांना तीन गोष्टी कळत नाहीत. एमबीबीएसला लागतील एवढे मार्क पडले नाहीत, तर पुढे काही आहे का? सहा महिन्यांचा ऑनलाइन ‘स्पोर्ट्स फिजिओ’ डिप्लोमा करून लगेच कमाई सुरू होईल असं एकाने सांगितलं आहे, तो घ्यावा का? आणि सांगलीसारख्या जिल्ह्यात राहून या कामावर घर चालतं का?

दादा, डिप्लोमाचं आधी सांगते, कारण घाईघाईत पैसे भरले जातात ते तिथेच. तो घेऊ नका. बारावीनंतर सहा महिन्यांत कुणी फिजिओथेरपिस्ट होत नाही. आपल्या राज्यात हा व्यवसाय करायला मान्यताप्राप्त पदवी लागते आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. 2021 साली केंद्राने या सगळ्या सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यामुळे पुढच्या काळात नियम आणखी घट्टच होणार. अशा डिप्लोमाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, त्याच्या जोरावर कुणाच्या गुडघ्याला हात लावता येत नाही. आणि लावला, तर ते त्या खेळाडूच्या अंगावर येतं.

आता मूळ विषयाकडे येते. ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मैदानात स्प्रे घेऊन धावणारा माणूस येतो. प्रत्यक्षात ही एका माणसाची नोकरी नाही, सात-आठ व्यवसायांची साखळी आहे. आपल्या सांगलीचंच उदाहरण घ्या. संकेत सरगर 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात उतरला होता. स्नॅचमध्ये 113 किलो, क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात 135 किलो. दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराने दगा दिला. तरी पोरगा तिसऱ्यांदा बारपाशी गेला. एकूण 248 किलो झाले आणि एका किलोने सुवर्ण हुकलं. सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. पण कोपर असा सुटला की त्यानंतर काय काय लागतं ते बघा. जागेवर हात स्थिर करून नस आणि रक्तपुरवठा तपासणारा डॉक्टर लागतो. एमआरआय काढणारा तंत्रज्ञ, तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट, गरज पडली तर लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, शिवणारा सर्जन लागतो. मग महिनोन्‌महिने हात सरळ करून घेणारा फिजिओ, पुन्हा वजन चढवत नेणारा स्ट्रेंथ कोच, त्या काळात वजनगट सांभाळणारा आहारतज्ज्ञ. आणि बार डोक्यावर घेताना मनात येणारी ती भीती, तिच्यावर काम करणारा मानसशास्त्रज्ञ. यातलं कुठलंही एक काम तुमच्या लेकीचं होऊ शकतं. त्यामुळे ‘एमबीबीएस नाही तर काहीच नाही’ हे मनातून काढून टाका.

डॉक्टरची वाट थोडक्यात सांगते, कारण ती लांब आहे आणि ती धरणारे मोजके असतात. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर अंतर्वासितेचं, म्हणजे इंटर्नशिपचं, एक वर्ष, मग पदव्युत्तर तीन वर्षं. पदव्युत्तरला दोन फाटे आहेत. एक क्रीडावैद्यकातली एमडी. ती देणाऱ्या संस्था देशात फार थोड्या. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे, दिल्लीला सफदरजंग रुग्णालयाचं स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर आहे, ते 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी उभं राहिलं. दुसरा फाटा अस्थिरोगात एमएस करून पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची फेलोशिप करायची. आपल्या मिरजेत, कराडला, कोल्हापूरला जे गुडघ्या-खांद्याची दुर्बिणीची ऑपरेशनं करतात ते याच वाटेने आलेले असतात. क्रीडावैद्यकाचा डॉक्टर शस्त्रक्रिया करत नाही, आणि त्याचं काम नुसत्या हाडा-सांध्यांचंही नसतं. दम्याचा खेळाडू, मधुमेहाचा खेळाडू, डोक्याला मार लागलेला, स्पर्धेआधी हृदयाची तपासणी करायचा, सारखा थकणारा, असे सगळे त्याच्याकडे येतात. मार्क पडले आणि दहा वर्षं अभ्यासाची तयारी असेल, तर उत्तम काम आहे.

आता फिजिओथेरपी. खेळाडूसोबत सगळ्यात जास्त वेळ जातो तो फिजिओचा, म्हणून इथे जरा थांबते.

पदवीला बीपीटीएच म्हणतात. आपल्या राज्यात प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर, सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतो. एमबीबीएसला लागतात त्याहून बऱ्याच कमी गुणांना जागा मिळते, पण ‘नीट’ द्यावीच लागते. ‘मेडिकलला नंबर लागणार नाही’ म्हणून ती परीक्षाच सोडणारी मुलं मी दर वर्षी बघते आणि वाईट वाटतं, कारण एक वर्ष हकनाक जातं. अभ्यासक्रम आजवर चार वर्षं अधिक सहा महिने अंतर्वासिता असा होता. राष्ट्रीय आयोगाच्या नव्या आराखड्यात तो पाच वर्षांचा आहे, अंतर्वासिता पूर्ण एक वर्षाची. प्रवेश घ्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिका त्यासाठी नीट वाचा.

सरकारी आणि महापालिकेच्या जागा मोजक्या आहेत. मुंबईला केईएम, नायर, सायन, आणि नागपूरचं शासकीय महाविद्यालय. तिथे नंबर लागला तर घर सोडायला मागेपुढे पाहू नका. फी कमी असते आणि रुग्ण असे आणि इतके बघायला मिळतात की हात आपोआप तयार होतो. आपल्या जवळ कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. शेजारीच मोठं रुग्णालय आहे, ही त्याची जमेची बाजू. मात्र ते अभिमत (डीम्ड) विद्यापीठ आहे, त्यामुळे फी आणि प्रवेशाची रीत वेगळी. पुण्याला संचेती आहे, अस्थिरोगाच्या कामासाठी नावाजलेलं. खासगी महाविद्यालय निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगते: त्याच आवारात चालतं रुग्णालय आहे का, आणि रोज सकाळी तिथल्या ओपीडीच्या बाकांवर माणसं बसलेली असतात का. इमारत, लिफ्ट, प्रयोगशाळेतली चकचकीत यंत्रं यावर जाऊ नका. रुग्ण नसलेल्या कॉलेजात चार वर्षं काढलेल्या मुलाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी घाम फुटतो.

फीचं आणखी एक, जे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. 2024 च्या जुलैमधल्या शासन निर्णयानुसार केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. कुठलं कॉलेज परवडेल याचा तुमचा हिशोब यामुळे पार बदलू शकतो.

पदवीच्या वर्षांत मुलं एक चूक हमखास करतात. खेळाची आवड असलेली मुलं अर्धांगवायूचे रुग्ण, आयसीयूतलं छातीचं काम, भाजलेल्यांचे वॉर्ड हे सगळं उरकून टाकतात. ‘मला कुठे हे करायचंय’ म्हणतात. पण छातीचं काम मनापासून केलेल्या फिजिओलाच धावपटूचा दम का तुटतो ते कळतं. मज्जासंस्थेचं काम केलेल्यालाच पाठीतून पायात उतरणारी कळ आणि मांडीचा ताणलेला स्नायू यांतला फरक बोटांना कळतो. मांडीच्या मागे दुखतंय म्हणून महिनाभर नुसती मालिश झालेला एक लांब उडीवाला आमच्याकडे आला होता. त्याचं दुखणं कमरेच्या चकतीचं निघालं. तपासताना पाय सरळ वर उचलला आणि पाऊल त्याच्याकडे वाकवलं, तेवढ्यात कळ वाढली. बाकी यंत्रं लागली नाहीत. म्हणून माझं मत पक्कं आहे: आधी चांगली फिजिओथेरपिस्ट व्हायचं, ‘स्पोर्ट्स’ हा शब्द नंतर जोडायचा. एमपीटीएच या पदव्युत्तर पदवीला मस्क्युलोस्केलेटल (स्नायू-हाडांचा) किंवा स्पोर्ट्स हा विषय घेता येतो, त्यात आणखी साधारण दोन वर्षं जातात. टेपिंग, कपिंग, सुया टोचण्याच्या दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा पदवीनंतर कराव्यात, जरूर कराव्यात. पण त्या मसाल्याच्या डब्यातल्या गोष्टी आहेत, स्वयंपाक त्यांनी होत नाही.

कामाचा खरा भाग कसा दिसतो ते सांगते. कबड्डीचा चढाईपटू, उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, तुटलेलं. मांडीच्या मागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, घेऊन सर्जनने नवं लिगामेंट बसवलं. पाचवा महिना आहे. चालणं, जिना, मोटारसायकल सगळं सुरळीत. घरचे म्हणतात बरा झाला, तो म्हणतो बरा झालो, गावच्या यात्रेतल्या स्पर्धा पंधरा दिवसांवर. त्याला आम्ही एका पायावर लांब उडी मारायला लावतो आणि त्याच पायावर उतरून थांबायला सांगतो. चांगला पाय 160 सेंटिमीटर जातो, ऑपरेशनचा पाय 118. भागाकार केला की जेमतेम 74 टक्के. नव्वदच्या वर गेल्याशिवाय मैदानाचं नावही काढायचं नाही. आणि आकडा हा अर्धाच भाग. उतरताना गुडघा आत झुकतो का, हे समोर बसून बघावं लागतं. त्याचा झुकत होता, दर वेळी. अशा गुडघ्याचा चढाईपटू बचावपटूंच्या घोळक्यात वळला, तर लिगामेंट पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो.

हे वडिलांना, प्रशिक्षकाला आणि त्या मुलाला तिघांनाही पटवायचं असतं. बसवलेली कंडरा सुरुवातीच्या महिन्यांत उलट कमकुवत होते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, मग कुठे ती लिगामेंटसारखी वागायला लागते. हे शरीराचं काम आहे, जास्त व्यायामाने ते लवकर उरकत नाही. म्हणून नऊ महिन्यांच्या आत स्पर्धा नाही. प्रशिक्षक चिडतो. मंडळाचा अध्यक्ष फोन करतो. तिथे ‘नाही’ म्हणायचं आणि तरी त्या मुलाने उद्या व्यायामाला यावं इतकं त्याला धरून ठेवायचं, हे या पेशातलं सगळ्यात अवघड काम. कुठल्याही परीक्षेत त्याला मार्क नसतात. तुमच्या लेकीने स्वतः ते महिने काढलेत, तिला हे समोरच्याला सांगता येईल. ही तिची मोठी जमेची बाजू मी मानते.

मुलगी आहे म्हणूनही एक सांगते. आपल्याकडे मुलींच्या खेळात बाई फिजिओ, बाई डॉक्टर फार कमी आहेत आणि गरज प्रचंड आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. त्यानंतर माण-खटाव भागात पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या मुली वाढल्या. यातल्या कुणाकुणाची नडगी दुखायला लागते. घरी तेल चोळतात, शेकतात, कुणी हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधून आणतं. तपासताना नडगीच्या हाडावर बोट फिरवत गेलं की एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी, पोरगी ओरडते. हा ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे बऱ्याचदा कोरा येतो, म्हणून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतात. एमआरआयमध्ये तो दिसतो.

आणि मग विचारावा लागणारा प्रश्न: पाळी नियमित येते का? तो पुरुष प्रशिक्षक विचारत नाही आणि मुलगी त्याला सांगत नाही. कित्येकदा पाळी चार-पाच महिने आलेली नसते आणि त्याचं तिला बरंच वाटत असतं. पळायला जेवढी ऊर्जा लागते तेवढं पोटात जात नसेल, तर शरीर पाळी थांबवतं, हाडं विरळ होतात, दुखापती सुरू होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून या अवस्थेला नाव देऊन स्वतंत्र विषय केलं आहे. इथे लागतो आहारतज्ज्ञ. त्यासाठी अन्न व पोषण विषयातली पदवी, पुढे आहारशास्त्रात किंवा क्रीडा पोषणात एमएस्सी असा रस्ता आहे. सायन्सला असून ‘नीट’ नको असलेल्या मुलींना मी हा रस्ता आवर्जून सुचवते. चांगला आहारतज्ज्ञ तिच्या हातात परदेशी पावडरीचा डबा देत नाही. सकाळी सरावाआधी काय खाल्लंस, डब्यात भाकरी किती, शेंगदाणे-गूळ-अंडी परवडतात का, घरात आधी कोण जेवतं आणि नंतर कोण, इथपर्यंत विचारतो. शेवटच्या प्रश्नावर बऱ्याचदा सगळं अडलेलं असतं.

तालमीतल्या मुलांचा प्रश्न उलट असतो. तिथे वजन उतरवायचं असतं. स्पर्धेच्या वजनाआधी दोन दिवस पाणी तोडायचं, जाड कपडे घालून पळायचं, कुणी तर लघवी होण्याच्या गोळ्या घ्यायच्या. त्या गोळ्यांवर उत्तेजकविरोधी नियमांत बंदी आहे, हे कित्येक मुलांना पकडले गेल्यावर कळतं. गोलेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, तेव्हापासून साताऱ्या-सांगलीच्या प्रत्येक तालमीत ते स्वप्न आहे. पण माती सोडून गादीवर आल्यावर कुस्तीसोबत वजनकाटा, उत्तेजक चाचणी, गादीवरून अंगावर पसरणारं नायट्याचं इन्फेक्शन हेही आलं. कानाचंच बघा. घासून, दाबून कानाच्या पाळीत रक्त साठतं, ते पहिल्या काही दिवसांत डॉक्टरने काढून घट्ट दाबून बांधलं तर कान वाचतो, नाही तर कूर्चा आक्रसून कायमचा गोळा होतो. वस्तादाला ही एक गोष्ट सांगितली आणि त्याने ऐकली, तर दर हंगामात दोन-चार पोरांचे कान वाचतात.

उत्तेजकांच्या बाजूलाही काम आहे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था 2005 ला स्थापन झाली, कायदा 2022 ला आला, नमुन्यांची प्रयोगशाळा दिल्लीला आहे. स्पर्धेच्या ठिकाणी नमुने घ्यायला प्रशिक्षित अधिकारी लागतात, प्रयोगशाळेत रसायनशास्त्राची आणि औषधनिर्माणाची मुलं लागतात. बंदी असलेल्या द्रव्यांची यादी दर 1 जानेवारीला नव्याने लागू होते. गल्लीतल्या जिममध्ये फिरणारी इंजेक्शनं, सर्दीची साधी गोळी, भेसळीची पावडर, सगळं त्या यादीशी ताडून बघावं लागतं. बी. फार्म झालेला एखादा मुलगा यात मुरला, तर जिल्ह्यातल्या सगळ्या आखाड्यांना त्याचा आधार होईल. सध्या असं कुणी मला आसपास दिसत नाही.

स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच हा तुलनेने नवा पेशा. जिम ट्रेनर वेगळा आणि हा वेगळा. वर्षाचं नियोजन करून कुठल्या महिन्यात ताकद, कुठल्या महिन्यात वेग, स्पर्धेच्या आठवड्यात किती कमी करायचं, हे तो ठरवतो. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी), क्रीडाविज्ञानाची पदवी किंवा फिजिओथेरपी करून याकडे येतात. अमेरिकेतल्या संस्थेची सीएससीएस ही परीक्षा इथेही मानली जाते, त्याला कुठली तरी पदवी आधी लागते. ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थान 1957 पासून आहे आणि पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून. शारीरिक शिक्षण आणि क्रीडाविज्ञानाच्या वाटेने जायचं असेल तर या दोन ठिकाणांची माहिती काढावी. मानसशास्त्राची वाट बीए-एमए मानसशास्त्रातून जाते, कला शाखेची मुलंही येऊ शकतात. कृत्रिम अवयव आणि आधारपट्ट्या बनवणारे हा आणखी एक व्यवसाय, मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय संस्थेत त्याची पदवी आहे. आटपाडीच्या करगणीचा सचिन खिलारी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत एफ-46 गटात रौप्य घेऊन आला. तो ‘एफ-46’, म्हणजे अपंगत्वानुसारचा गट, कुणी तरी ठरवतं, त्याला वर्गीकरण म्हणतात आणि त्या मंडळात डॉक्टर-फिजिओ बसतात. पॅरा खेळ वाढतायत, तशी या माणसांची गरज वाढणार.

आता पैशाचं बोलू. हे गुळमुळीत सांगून चालणार नाही. पदवी घेऊन आमच्या भागातल्या दवाखान्यात लागलेल्या फिजिओला पहिली दोन-तीन वर्षं पंधरा-वीस हजारांच्या आसपासच मिळतात. पुण्या-मुंबईत थोडे जास्त, पण खोलीभाडं ते खातं. या पगारावर नाराज होऊन बरीच मुलं परदेशाच्या परीक्षांमागे लागतात किंवा पेशा सोडतात. टिकतात त्यांचं चौथ्या-पाचव्या वर्षानंतर बरं बसतं, स्वतःचा दवाखाना टाकला की आणखी. पण इथे नुसत्या खेळाडूंवर दवाखाना चालत नाही. दहातले सात-आठ रुग्ण गुडघे झिजलेल्या आजी, कंबर धरलेले शेतकरी, अर्धांगाचे, फ्रॅक्चरचे. उरलेले खेळाडू. आणि खेळाडूंमधले बरेचसे पैसे देऊ शकत नाहीत, त्यांच्याकडून कमी घ्यावे लागतात. मला यात वाईट काही वाटत नाही. आजींच्या गुडघ्यांच्या कमाईवर दवाखान्यातला खेळाडूंचा कोपरा चालतो, आणि दोघांनाही बरं वाटतं.

मोठ्या नोकऱ्या आहेत. भारतीय क्रीडा प्राधिकरण फिजिओ, मालिश करणारे, क्रीडाशास्त्रज्ञ, स्ट्रेंथ कोच घेतं, पण बहुतांश करारावर. 2014 ला प्रो कबड्डी आली, 2022 ला अल्टिमेट खो-खो आली, प्रत्येक संघासोबत फिजिओ लागतो. हे काम हंगामी असतं, तीन-चार महिने घराबाहेर, रात्री सामना संपल्यावर अकरा वाजता बर्फ आणि टेबल. तरुणपणी एक-दोन हंगाम जरूर करावेत, शिकायला खूप मिळतं. राज्याच्या क्रीडा प्रबोधिन्या, बालेवाडी, सैन्याची पुण्यातली क्रीडा संस्था, इथेही जागा निघतात. ओळख मात्र जिल्ह्याच्या स्पर्धांतूनच होते. शालेय कबड्डीच्या मैदानावर दिवसभर फुकट उभं राहिलेल्या मुलीला पुढे राज्य संघटना बोलावते, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय.

साताऱ्याला तर खेळाडूंचं काम आमच्या सांगलीपेक्षाही जास्त आहे असं मला वाटतं. हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा असतो. चढाला पोटऱ्या आणि टाचेची कंडरा ताणली जाते. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला लांब होत होत शरीर आवरावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना लोक कठडा धरतात आणि ज्यांनी उताराचा सराव केलेला नसतो त्यांचे गुडघे महिनाभर बोलतात. ऑगस्टपासून तिथल्या फिजिओंकडे गर्दी सुरू होते. धनुर्विद्येचंही तसंच. अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव त्याआधी टोकियो ऑलिम्पिकला गेला होता. दिवसाला शेकडो बाण सोडायचे म्हणजे एकाच खांद्याने शेकडो वेळा तोच ताण घ्यायचा. ज्या जिल्ह्यात अकरा-बारा वर्षांची मुलं धनुष्य ओढतायत, तिथे वाढत्या खांद्यांकडे लक्ष ठेवणारं कुणी तरी हवंच.

लेकीच्या गुडघ्याबद्दलचा तुमचा एक प्रश्न राहिला. ‘ऑपरेशन झालेल्यांचं ऐकून भीती वाटते, हिने खेळ सोडावा का’ असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. एसीएलचं तुम्ही वर वाचलंत. तुम्ही द्राक्षबाग करता म्हणून सांगते, जंगली खुंटावर कलम भरलं की त्याच हंगामात तुम्ही माल धरत नाही. गुडघ्यालाही तेवढाच धीर लागतो. पण लेकीचं लिगामेंट तुटलेलं नव्हतं, तुम्ही लिहिल्याप्रमाणे ताणलेलं होतं. तिच्या फिजिओने दोन्ही पायांची ताकद मोजून परवानगी दिली असेल तर खेळू द्या. मोजलेलं नसेल तर आधी मोजून घ्या.

आता करायचं काय ते. ‘नीट’चा अर्ज सुटला नसेल तर तो भरा, परीक्षा द्या. अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रिमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, ही कागदं आत्ताच काढायला घ्या. जातवैधता तहसील कार्यालयातून नाही, जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळते. प्रवेश फेरीच्या आठवड्यात जातवैधतेसाठी धावणारे पालक दर वर्षी रडकुंडीला येतात. परीक्षा झाली की सुट्टीत लेकीला एखाद्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी घेऊन आठवडाभर बसू द्या. खेळाडूंच्या नव्हे, साध्या सरकारी ओपीडीत. पॅरालिसिसचे आजोबा बोट हलवायचा प्रयत्न करताना वीस मिनिटं शेजारी उभं राहावं लागतं, ते तिला करावंसं वाटतं का, ते तिथे कळेल. आणि जीवरक्षक प्रथमोपचाराचं, म्हणजे छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण तिला आताच घ्यायला लावा. त्याला पदवी लागत नाही आणि तिच्या स्वतःच्या संघात, पुढच्या सरावापासून, ते येणारी एक जण असेल.